डाव्या कमरेवरचा डाग

भिलाई, कॅम्प एक
रविवार, १० जानेवारी १९६५

पद्मजा,

तुझं मुंबईचं कार्ड काल दुपारी मिळालं. सात ओळी. तीन काकूंच्या, म्हणजे तुझ्या आईच्या आजाराच्या, तीन तुझ्या लग्नाच्या आणि शेवटची ‘तब्येतीची काळजी घे’. ती वाचून मी कार्ड भिंतीवर फेकलं. कार्ड फेकून राग निघत नाही, ते तरंगत खाली येतं. मग उचलून पुन्हा वाचलं.

मले जे समजलं ते असं. काकूंच्या गळ्यातली कॅन्सरची गाठ मागच्या वर्षी नागपूरला काढली. ती आणखी कुठे पसरली का हे पाहायला मुंबईच्या इस्पितळात त्यांना किरण सोडणारं आयोडीन पाजलं, दोन दिवस थांबले, मग यंत्राखाली निजवून कागदावर टिपक्यांचा नकाशा काढला. ज्या जागी आयोडीन जमलं त्या जागी टिपके दाट. दाट डाग दोन निघाले, एक गळ्यापाशी, एक डाव्या कमरेवर. कमरेवर म्हणजे हाडात उतरलं. आणि हाडात उतरलं म्हटल्यावर तुझ्या बाबांनी, दीनानाथकाकांनी, ठरवून टाकलं की आता गळ्याचाही इलाज नको, बाईचे हाल नकोत. एकवीस तारखेच्या मेलने दुर्गला परत, आणि सहा फेब्रुवारीला त्या अमरावतीच्या ओव्हरसियरशी तुझं लग्न, काकूंचे डोळे उघडे आहेत तोवर.

हे मले मान्य नाही. लग्नाचं तर नाहीच, पण ते मी बाजूला ठेवून राहिलो. कमरेचा डाग मान्य नाही.

तुझ्या बाबांना वाटतं, कॉलेज अर्ध्यात सोडलेला पोरगा कारखान्यात लोखंड वाहत असेल. सांग त्यांना, मी डाग पाहतो. नव्या भट्टीसाठी जाड पाइप जोडून राहिले आहेत. प्रत्येक सांध्याच्या एका बाजूला आम्ही किरणांची डबी ठेवतो, दुसऱ्या बाजूला फिल्म. फिल्म धुतली की लोखंडाच्या पोटातलं दिसतं. आणि माझे उस्ताद श्यामराव यांनी मले पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवली: फिल्मवर डाग दिसला म्हणजे लोखंडात डाग आहे असं नाही. आधी सांधा पुसा, फिल्म बदला, दुसऱ्या बाजूने काढा. मग बोला.

तर मले तीन गोष्टी कळव. यंत्र फक्त वरून फिरलं की पालथं निजवूनही काढलं? अंगावर इस्पितळाचे कपडे होते की काकूंचं नऊवारी लुगडं? आणि काकूंनी कमरेला काही खोचलं होतं का? हे शेवटचं कावून विचारतो ते विचारू नको. फक्त बघ.

तुमच्या घरच्या मागच्या खोलीत दोन वर्षं राहिलो. काकूंच्या हातचं जेवलो. मी गप्प बसणार नाही.

गुलाब


गिरगाव, मुंबई
गुरुवार, १४ जानेवारी १९६५

गुलाब,

तुझं पत्र सरलामावशीने माझ्या हातात देताना पाकीट उजेडात धरून पाहिलं. बरं झालं, तूही उजेडात धरूनच पाहतोस सगळं.

तू लग्न बाजूला ठेवलंस म्हणे. तुझ्या पत्रात ते प्रत्येक ओळीत बसलंय. आई बरी असेल तर घाई नाही, घाई नसेल तर अमरावती नाही, हे मलाही समजतं. मी काय दगड आहे? मी इथे आल्यापासून एक रविवार असा गेला नाही की मला दुर्गच्या अंगणातला तुझा तो सायकल आपटून लावल्याचा आवाज आठवला नाही. पण आईच्या हाडात काय आहे ते मला काय पाहिजे यावर ठरत नाही. माझी आई पाइप नाही. तिला पुसून पुन्हा काढता येत नाही.

तू विचारलंस म्हणून लिहिते. यंत्र वरूनच फिरलं. ते उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, शेतात नांगर फिरावा तसं तासभर फिरत होतं. आईने इस्पितळाचा झगा घालायला साफ नकार दिला. म्हणाली, "परक्या पुरुषांपुढे लुगडं सोडून निजू? त्यापेक्षा मला तशीच मरू द्या." तिथल्या बाई समजूतदार होत्या, म्हणाल्या राहू द्या. म्हणजे लुगडंच. कमरेला काय खोचलं होतं मला माहीत नाही. मी विचारलं तर म्हणाली, बायकांच्या कमरेला काय असतं ते त्याला कशाला?

डॉक्टर तसे शहाणे आहेत. ओरडत नाहीत. त्यांनी बाबांना म्हटलं, "हाडात उतरलेलं असावं, आणखी बघावं लागेल." बाबांनी ‘असावं’ ऐकलंच नाही. खोलीतून बाहेर येऊन मला म्हणाले, "हाडात आहे." तेव्हापासून ते जेवताना ताटाकडे बघत नाहीत. मावशीशी लग्नाच्या याद्या करत बसतात. तो त्यांचा रडायचा प्रकार आहे, एवढं मला कळतं. मी भांडू कशी?

तिकिटं निघाली आहेत. एकवीसलाच.

तू फक्त हट्ट करतोस की तुला खरंच काही माहीत आहे? माहीत असेल तर स्पष्ट लिही. नसेल तर लिहू नकोस.

पद्मजा


भिलाई
रविवार, १७ जानेवारी १९६५

पद्मजा,

स्पष्ट लिहितो. त्यासाठी मले एक शपथ मोडावी लागून राहिली आहे आणि एक लाज उघडी करावी लागून राहिली आहे. आधी लाज.

तुला मी सांगितलं होतं की मले फिल्मच्या कामावर घेतलं कारण मी बी. एस्सी.पर्यंत शिकलेला. ते खरं. पहिल्या महिन्यात काय केलं ते सांगितलं नव्हतं. एका सांध्याच्या फिल्मवर मले चंद्रकोरीसारखी काळी रेघ दिसली. श्यामराव त्या दिवशी रायपूरला गेले होते. मी मोठ्या रुबाबात वहीत लिहिलं: चीर. वेल्डर होता बाबुलाल, तुमसरचा, माझ्या बापाच्या वयाचा. तो म्हणाला, "बाबू, माह्या हाताले मालूम हाय, थो सांधा साबूत हाय." मी म्हटलं, "तुमच्या हाताले काय डोळे आहेत?" सांधा गॅसने कापला. आत चांदीसारखं स्वच्छ लोखंड. बाबुलालने कापलेला तुकडा माझ्यासमोर आणून ठेवला. "दाखव मले. कुठी हाय तुही चीर?"

चीर माझ्या अंगठ्याच्या नखाची होती. फिल्म धरताना मी ती मुडपली होती.

बाबुलालने तो सांधा पुन्हा जोडला, पण एकदा कापलेलं कापलेलंच. तेव्हापासून मी कोणाच्याही कागदाला तसाच हात जोडत नाही. तुझ्या बाबांनी तेच केलं, जे मी केलं. डाग पाहिला आणि कापायला निघाले. आणि काकू पाइप नाहीत, हे तूच लिहिलंस. त्यांना पुन्हा जोडता येणार नाही.

आता शपथ. काकू गुडाखू लावतात.

हो. तोच, गूळ-तंबाखूचा काळा लगदा, ज्याला तुझे बाबा मोलकरणींचं व्यसन म्हणतात. मी तुमच्याकडे राहत असताना दर आठवड्याला बाजारातून डबी मीच आणून देत होतो. त्यांनी मले देवघरासमोर उभं करून शपथ घातली होती, पद्मीलासुद्धा सांगायचं नाही. बोटाने दात चोळायचे, थुंकायचं, आणि बोट एका फडक्याला पुसायचं. ते फडकं आणि डबी एका बटव्यात, आणि बटवा कुठे? लुगड्याच्या आत, डाव्या कमरेला. मी तो हजारदा बाहेर निघताना पाहिला आहे.

आता ऐक. श्यामराव पंधरा दिवस तुर्भेच्या अणुकेंद्रात ट्रेनिंगला होते. मी त्यांना नाव न घेता विचारलं, पाजलेलं आयोडीन अंगात राहतं की बाहेर येतं? ते म्हणाले, "येतं ना. लघवीतून येतं, घामातून थोडं, आन् थुंकीतून तर भलतंच येतं. तिथं आमाले सांगे, पेशंटच्या रुमालाले हात लावू नका."

वॉर्डात थुंकायला मोरी दूर, समोर नर्स. त्या दोन दिवसांत काकूंनी गुडाखू सोडली असेल असं तुला वाटतं? त्या तोंडात बोट घालत असतील, फडक्याला पुसत असतील, फडकं बटव्यात, बटवा कमरेला. वरून फिरणाऱ्या यंत्राला काय कळतं, आयोडीन हाडात आहे की हाडावरच्या फडक्यात?

मी असं म्हणत नाही की हेच आहे. मी म्हणतो, बघा. बटवा डॉक्टरांच्या हातात द्या. काकूंना डोक्यावरून आंघोळ घाला, झगा घाला, उताणं काढा, पालथं काढा. तरी डाग राहिला तर मी स्वतः अमरावतीच्या माणसाच्या घोड्याचा लगाम धरीन.

हे पत्र उशिरा पोचलं तर म्हणून उद्या पावर हाउसच्या पोस्टातून तारही करतो: पत्र वाचल्याशिवाय गाडीत बसू नका.

गुलाब


गिरगाव, मुंबई
शनिवार, २३ जानेवारी १९६५

गुलाब,

आम्ही गेलो नाही.

तुझी तार आली तेव्हा बाबा वळकट्या बांधत होते. तार म्हटल्यावर मावशी कोणी गेलं म्हणून रडायला लागली. बाबांनी वाचली आणि म्हणाले, "हा कोण मला गाडीत बसू नको म्हणणारा?" पत्र दुसऱ्या दिवशी, वीस तारखेला आलं. मी आधी एकटीने वाचलं, मग आईजवळ गेले. ती पोळपाट धूत होती. मी म्हटलं, "आई, बटवा दे."

तिने विचारलंसुद्धा नाही कुठला. म्हणाली, "मेल्याने शपथ मोडली."

बाबा मागे उभे होते. "कसला बटवा? सिंधू, काय आहे?" आईने कमरेतून काढून पोळपाटावर ठेवला. बाबांनी उघडला, वास घेतला आणि खुर्चीत बसले. "किती वर्षं?" आई म्हणाली, "पद्मीच्या आधीपासून." "म्हणजे बावीस वर्षं माझ्या घरात..." "तुम्ही कधी विचारलं नाही," आई म्हणाली. मला हसू आलं, गुलाब, आणि हसता हसता मी तिथेच बसून रडले.

बाबा डॉक्टरांकडे यायला तयार नव्हते. "त्या उद्धट पोराच्या सांगण्यावरून मी मोठ्या डॉक्टरांपुढे बायकोचा तंबाखूचा बटवा ठेवू?" मी म्हटलं, मी ठेवते. तुम्ही बाहेर बसा. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना तुम्ही बाहेर बसा म्हटलं. ते आत आले.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. एकदाही हसले नाहीत. कपाटातून एक लहान यंत्र आणलं, त्याची नळी टेबलावरून फिरवली. टिक, मग बराच वेळ काही नाही, मग टिक. नळी बटव्यावर आणली आणि ते भाजताना फुटणाऱ्या लाह्यांसारखं तडतडायला लागलं. पंधरा दिवस झाले होते, तरी तडतडत होतं. बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

डॉक्टर आईला म्हणाले, "बाई, तुम्ही सांगितलं नाहीत, पण विचारायचं आमच्याकडे होतं. झगा नको म्हणालात तेव्हा मी ऐकायला नको होतं." मग आम्हाला म्हणाले, "याचा अर्थ कमरेत काही नाही असा नव्हे. याचा अर्थ तो कागद कमरेबद्दल काही सांगत नाही. पुन्हा काढू."

काल आईला पुन्हा औषध दिलंय. बटवा त्यांच्याकडे. आई तीन दिवस गुडाखूशिवाय, त्यामुळे सगळ्यांवर भडकलेली. सोमवारी केस धुऊन, झगा घालून, दोन्ही बाजूंनी.

बाबांनी तिकिटं परत केली. तुझं नाव घेतलं नाही, पण तुझं पत्र माझ्याकडून मागून घेतलं आणि घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं.

पद्मजा


भिलाई
मंगळवार, २६ जानेवारी १९६५

पद्मजा,

वाचलं आणि पत्र घेऊन सायकलने थेट कुम्हारीपर्यंत गेलो आणि परत आलो. कावून गेलो मले माहीत नाही. बसवत नव्हतं.

तडतडलं ना? आता त्या सगळ्यांना सांग. कॉलेजात मी प्रयोगाचं जे रीडिंग काट्यावर दिसलं तेच लिहिलं, पुस्तकातलं लिहिलं नाही, म्हणून डेमॉन्स्ट्रेटरने मले खोटारडा म्हटलं आणि मी वही तिथेच टाकून बाहेर पडलो. तेव्हा तुझे बाबा म्हणाले होते, या मुलाला दम नाही. दम कोणाला नव्हता ते बघावं म्हणा.

आणि ऐक, कमरेचा डाग खोटा तर गळ्याचाही खोटाच. थुंकी येते कुठून? जबड्याखालून, गळ्याजवळूनच. तोंडात, घशात सगळीकडे तीच भरलेली. यंत्राने तीच पाहिली. आता कोणी काकूंच्या गळ्याला पुन्हा सुरी लावतो म्हटलं तर सरळ नाही म्हणा. दोन्ही डाग खोटे आहेत, हे भिलाईहून गुलाब लिहून देतो म्हणा. काकूंना हे वाचून दाखव. त्यांना बरं वाटेल.

तुझा, आणि हे मी पहिल्यांदा लिहून राहिलो,
गुलाब


गिरगाव, मुंबई
रविवार, ३१ जानेवारी १९६५

गुलाब,

कमरेवर काही नाही. उताणं काढलं, पालथं काढलं, कागद तिथे कोरा. मी स्वतः पाहिला. डॉक्टर म्हणाले, हाडात उतरलेलं नाही. बाबा बाहेर जाऊन कठड्याला धरून उभे राहिले.

गळ्याचा डाग आहे.

डॉक्टरांनी आईला पाणी पाजलं, लिंबाची फोड चोखायला लावली, चुळा भरायला लावल्या, पुन्हा काढलं. तोंडाजवळचं जे फिकट होतं ते गेलं. उजव्या बाजूचा हरभऱ्याएवढा दाट ठिपका जिथल्या तिथे. समोरून, बाजूने, दोन्हीकडून. बोट लावून त्यांना तिथे गाठ लागतेही. म्हणाले, एवढीच उरली आहे. ही काढली तर बाईंच्या पुढे बरीच वर्षं आहेत. ठेवली तर ती खरंच हाडात उतरेल. नऊ तारखेला ऑपरेशन.

आणि आई नाही म्हणते.

का, ते विचार. तुझं सव्वीस तारखेचं पत्र तू वाचून दाखव म्हणालास, मी दाखवलं. ‘दोन्ही डाग खोटे.’ आईने ते पत्र घेतलं आणि उशीखाली ठेवलं. मी समजावलं, मावशीने समजावलं, डॉक्टरांनी दोन कागद शेजारी ठेवून समजावलं. आई एकच म्हणते, "कमरेचं तुम्ही सगळे खरं म्हणत होता. एकटा गुलाब खोटं म्हणत होता. कोण बरोबर निघालं? मग गळ्याचंही तोच सांगतो ते ऐकीन." नागपूरच्या ऑपरेशनची भीती तिच्या अंगातून गेलेली नाही. तिला नाही म्हणायला कारण पाहिजे होतं, आणि तू सहीनिशी लिहून दिलंस.

बाबांनी लग्न रद्द केलेलं नाही. सत्तावीस फेब्रुवारीवर ढकललंय. म्हणतात, ऑपरेशन नाही झालं तर दिवस मोजकेच आहेत.

तू ‘तुझा’ लिहिलंस ते मी किती वेळा वाचलं ते तुला सांगणार नाही. पण त्याच पत्रात तू माझ्या आईला मारून ठेवलंयस. आता तूच निस्तर. मला लिहू नकोस. तिला लिही.

पद्मजा


भिलाई, कॅम्प एक
बुधवार, ३ फेब्रुवारी १९६५

ती. सौ. काकूंना, गुलाबचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

हे पत्र पद्मजा वाचून दाखवेल. दीनानाथकाका तिथे असतील तर असू द्या. त्यांनीही ऐकावं.

काकू, गळ्याचा डाग खोटा आहे असं मी लिहिलं, ते काही माहीत होतं म्हणून लिहिलं नाही. मी तो कागद पाहिला नव्हता. मी काही विचारलंही नव्हतं.

पद्मजाचं पत्र आलं तेव्हा मी आधी तिच्यावरच चिडलो. ते घेऊन श्यामरावांकडे गेलो, म्हटलं, बघा, एवढं बरोबर सांगूनही मलेच बोल लावतात. ते फिल्म सुकवून राहिले होते. म्हणाले, "गळ्याचा कागद पायला का तुनं?" मी म्हटलं, "कमरेचा तरी कुठे पाहिला होता?" ते म्हणाले, "कमरेचं तू इचारलं होतं. गळ्याचं तू सांगून टाकलं." आणि पुन्हा फिल्मकडे वळले.

तुमच्या घरच्यांनी भीतीपोटी एक डाग खरा मानला. मी हावेपोटी दुसरा खोटा मानला. मले तुम्ही पूर्ण बऱ्या पाहिजे होत्या, आणि का पाहिजे होत्या ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही मले डबी आणायला पाठवत होत्या तेव्हा मी परत येताना अंगणात कावून रेंगाळत होतो, हेही तुम्ही ओळखत होत्या. कधी हाकललं नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी पद्मजालाही सांगितली नाही. बाबुलालचा चांगला सांधा मी कापायला लावला, ते तिने वाचून दाखवलं असेल. त्यानंतर मी असा घाबरलो की कुठलाच डाग खरा म्हणेना. डिसेंबरात त्याच बाबुलालच्या एका सांध्यात काळी रेघ आली. मी म्हटलं, फिल्म खराब आहे, जाऊ द्या. श्यामरावांनी सांधा घासून पुसला, नवी फिल्म लावली, किरणांची डबी दुसऱ्या बाजूला नेली. रेघ तिथेच. मी तरी म्हणतो, नको कापू. म्हाताऱ्याला पुन्हा कसं तोंड दाखवू? तेव्हा बाबुलाल स्वतः पुढे आला. म्हणाला, "काप. तवा साबूत होता मून भांडलो. आता तिनदा पायलं, तिनदा तिथंच हाय. दडून रायली तं भट्टी चालू झाल्यावर फुटंल, मंग चार माणसं मरतील." गॅस त्याने दुसऱ्याला धरू दिला नाही. स्वतः कापला. आत चार बोटं लांब चीर.

काकू, त्या म्हाताऱ्याला दोन्ही जागी सारखाच राग होता. खोट्या डागावर तो भांडला, खऱ्या डागावरही भांडला, फक्त दुसऱ्यांदा डागाशी भांडला. मी पहिल्यातच अडकून राहिलो.

तुमचं अंग धुतलं, केस धुतले, बटवा काढला, लिंबू चोखवलं, वरून पाहिलं, बाजूने पाहिलं, बोटाने चाचपलं. जे धुऊन जायचं ते सगळं धुऊन गेलं. जे उरलं ते खरं आहे. माझं सव्वीस तारखेचं पत्र उशीखालून काढून फाडून टाका. ते लिहिणारा तुम्हाला सांगून राहिला आहे की ते खोटं होतं.

ऑपरेशनला हो म्हणा. माझं ऐकायचं म्हणून नको. त्या डॉक्टरांनी तुमच्या फडक्याला नाक मुरडलं नाही, स्वतःची चूक तुमच्यासमोर बोलून दाखवली, आणि पुन्हा मोजलं. असा माणूस सांगतो तेव्हा ऐकायचं असतं. मले आजवर तसं सांगणारा मास्तर भेटला असता तर कदाचित मी वर्गात बसलो असतो.

दीनानाथकाकांना एवढंच: तुम्ही मले दम नाही म्हणाला होता. असेल नसेल. पण नऊ तारखेला काकूंनी मान डॉक्टरांच्या हाती दिली तर त्यानंतर मी दुर्गला तुमच्या दारात उभा राहून पद्मजासाठी विचारणार आहे. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणा. सत्तावीस तारखेच्या आड लपू नका.

तुमचा
गुलाब


मुंबई
गुरुवार, ११ फेब्रुवारी १९६५

गुलाब,

आईने तुझं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या परिच्छेदावर मी अडखळले, तर म्हणाली, "तेही वाच. मोठ्याने." बाबा खिडकीशी होते. वळले नाहीत, पण खोलीतून गेलेही नाहीत. मग आईने तुझं सव्वीस तारखेचं पत्र काढून माझ्या हातात दिलं आणि डॉक्टरांना बोलवायला सांगितलं.

परवा सकाळी ऑपरेशन झालं. गाठ खरी होती. डॉक्टरांनी मला बाटलीत दाखवली, मीच मागे लागले होते. चिंचोक्याएवढी, पिवळट. आसपास पसरलेली नव्हती. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही सगळ्यांनी काय काय करून ठेवलं असतं.

आईला चार दिवस बोलायची मनाई आहे, म्हणून मावशीने शेजारच्या मुलीची पाटी आणून दिली. काल दिवसभर ती नुसती पडून होती. आज सकाळी बाबा तिच्या उशाशी बसून अमरावतीच्या मंडळींचं आलेलं पत्र वाचून दाखवत होते, की हॉल सत्तावीसचाच ठरला आहे, तुमचं नक्की काय. आईने हात पुढे केला. बाबांना वाटलं पाणी हवंय. तिने पाटी मागितली.

अक्षरं तिरकी गेली. लिहून झाल्यावर तिने पाटी बाबांकडे फिरवली आणि ते पूर्ण वाचेपर्यंत धरून ठेवली. बाबांनी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग तिथेच, तिच्यासमोर, अमरावतीला नकार लिहायला बसले. पाटीवर होतं:

‘माझ्यासाठी पोरीचं लग्न उरकू नका. मी आहे.’

पद्मजा